कॅमेऱ्याच्या जुन्या कार्डावर विंडोज ९८ : पेंटियम मशीन पुन्हा कामाला लावताना

जुन्या पीसीत सगळ्यात आधी मान टाकते ती हार्ड डिस्क. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम पंचवीस वर्षांनंतरही बऱ्याचदा ठणठणीत असतात, पण ४ किंवा ८ जीबीची आयडीई डिस्क (रुंद, चपट्या केबलने जोडली जाणारी जुन्या पद्धतीची) कधी करकरायला लागेल सांगता येत नाही. नवीन आयडीई डिस्क दुकानात मिळत नाही. जुन्या बाजारात मिळते तीही तेवढीच म्हातारी. यावर सर्वांत स्वस्त आणि बिनआवाजाचा उपाय म्हणजे कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड, म्हणजे डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यात असायचं ते जाड, चौकोनी सीएफ कार्ड.

कॅनन ४०डी, ५डी मार्क २, निकॉन डी७०, डी२००, डी३०० हे सगळे कॅमेरे सीएफ कार्डावर चालायचे. लग्नाचे फोटो काढणाऱ्या कुठल्याही जुन्या फोटोग्राफरच्या ड्रॉवरमध्ये २, ४, ८ जीबीची अशी कार्डं पडलेली असतात. आजच्या कॅमेऱ्यात ती चालत नाहीत, म्हणून ती सहज मिळूनही जातात.

हा खटाटोप करायचा कशासाठी? गेम खेळायला म्हणाल तर तेही कारण आहेच. पण आपल्याकडे एक फार व्यावहारिक कारण आहे. १९९०च्या दशकात आणि २०००च्या सुरुवातीला मराठी डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याचं काम पेजमेकरमध्ये, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीवर किंवा सी-डॅकच्या आयएसएमवर (दोन्ही मराठी फॉन्ट आणि टायपिंगची सॉफ्टवेअर) व्हायचं. दिवाळी अंक, स्मरणिका, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल असं बरंच काही त्या फाइलींत अडकलेलं आहे. ते फॉन्ट युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या सामाईक अक्षर-पद्धतीचे नव्हेत. त्यामुळे फाइल आजच्या संगणकावर उघडली तरी अक्षरांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. त्यात सॉफ्टवेअर चालायला प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची किल्ली असलेलं छोटं उपकरण) लावावं लागत असेल, तर व्हर्च्युअल मशीनमध्ये (नव्या संगणकात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या नकली संगणकात) ते डोंगल ओळखवून घेणं ही वेगळीच डोकेदुखी. डोंगलचा प्रश्न नसेल तर व्हर्च्युअल मशीनच वापरा, माझं स्पष्ट मत आहे. डोंगल असेल तर खरं मशीनच बरं.

कार्ड हार्ड डिस्क कसं होतं

सॅनडिस्कने १९९४ मध्ये कॉम्पॅक्टफ्लॅश आणलं, तेव्हाच त्याची भाषा आयडीई डिस्कशी जुळेल अशी ठेवली होती. कार्डाला ५० पिना असतात. वीज सुरू होताना त्यातली ९ नंबरची पिन ग्राउंडला जोडलेली असली, की कार्ड ‘ट्रू आयडीई’ मोडमध्ये जातं आणि मदरबोर्डला चक्क हार्ड डिस्क म्हणून दिसतं. म्हणून सीएफ ते आयडीई अडॅप्टरवर हुशारीची कुठलीही चिप नसते. ५० पिनांच्या तारा ४० पिनांवर नेऊन सोडणारी ती एक साधी पट्टी असते. किंमतही तशीच. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन सहज मिळते.

एसडी कार्डाचं तसं नाही. एसडी ते आयडीई अडॅप्टरवर भाषांतर करणारी चिप लागते. तीही चालते, पण कुठल्या मशीनवर रुसेल याचा नेम नसतो. सीएफ मिळत असेल तर एसडीच्या वाटेला जाऊ नका. भंगारातल्या थिन क्लायंटमधून (सर्व्हरच्या भरवशावर चालणाऱ्या छोट्या ऑफिस-संगणकातून) निघणारं ‘डिस्क ऑन मॉड्यूल’ (थेट आयडीईत बसणारी फ्लॅशची छोटी डिस्क) मिळालं तर तेही उत्तम. जुन्या लॅपटॉपची अडीच इंची आयडीई डिस्क ४४ ते ४० पिनांच्या कनव्हर्टरवर लावता येते, पण मग पुन्हा फिरणाऱ्या डिस्कचीच भीती. सॅटा एसएसडी (नव्या प्रकारच्या केबलची, न फिरणारी डिस्क) कनव्हर्टरवर लावायची असेल तर १३७ जीबीची मर्यादा लक्षात ठेवा. विंडोज ९८चा मूळ आयडीई ड्रायव्हर त्यापुढे मोजू शकत नाही आणि तिथवर पोहोचला की मुकाट्याने डेटा खराब करतो.

काय काय जमवायचं

मशीन पेंटियम २ किंवा ३, इंटेल ४४०बीएक्स चिपसेटचा बोर्ड असेल तर फारच छान, कारण त्याचे ड्रायव्हर विंडोज ९८मध्येच आहेत. रॅम १२८ ते २५६ एमबी. ५१२च्या वर गेलात तर विंडोज ९८ गोंधळतं. मेमरी भरपूर असूनही ‘मेमरी अपुरी’ असा विनोदी संदेश देतं. सिस्टिम डॉट आयएनआय फाइलमध्ये व्हीकॅश या विभागात कॅशची कमाल मर्यादा घालून हे टाळता येतं, पण एक पट्टी काढून ठेवणं जास्त सोपं.

विंडोज ९८ची सेकंड एडिशन घ्या, १९९९ची. पहिल्या आवृत्तीपेक्षा यूएसबीचा आधार सुधारलेला आहे. मूळ सीडी आणि तिच्या पाकिटावरची २५ अक्षरी की लागेल. एक्सपीसारखी ॲक्टिव्हेशनची भानगड यात नाही. बूट फ्लॉपी (मशीन सुरू करून देणारी) आणि चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह लागेल. सीडी ड्राइव्ह नसला तरी चालेल, का ते पुढे येईल. आणि नव्या संगणकासाठी यूएसबी कार्ड रीडर, ज्यात सीएफची खाच आहे असा.

कार्डाचा आकार किती? पेंटियम ३च्या मशीनला ४ किंवा ८ जीबी. त्या काळातल्या अनेक बायोसना (मशीन सुरू होताच चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामना) ८.४ जीबीची, काहींना ३२ जीबीची अट असते. ३२च्या वरची डिस्क लावली तर काही बोर्ड डिस्क ओळखतानाच गोठून जातात. ४८६ किंवा अगदी सुरुवातीचं पेंटियम असेल तर ५०४ एमबीची अट आडवी येते. तिथे ५१२ एमबी छापलेलं छोटं कार्डच बरोबर बसतं, कारण कार्डावरचे एमबी दशमान हिशेबाने मोजलेले असतात. विंडोज ९८ स्वतः तीनेकशे एमबीत मावतं, त्यामुळे मोठ्या कार्डाचा हव्यास नको.

कंपनीच्या बाबतीत एकच सांगतो. ‘इंडस्ट्रियल’ शिक्क्याचं कार्ड मिळालं तर तेच उचला. ते स्वतःला स्थिर डिस्क म्हणवतं. कॅमेऱ्यासाठी विकलेली बरीच कार्डं स्वतःची ओळख ‘काढता येणारी डिस्क’ अशी देतात. विंडोज ९८ त्यावर फारसं अडत नाही. एक्सपी मात्र अशा कार्डावर एकापेक्षा जास्त पार्टिशन (डिस्कचे आखलेले वेगळे भाग) मानत नाही.

जोडणी

कॅबिनेट उघडल्यावर आधी मदरबोर्डवरचे कपॅसिटर बघा. डोकं फुगलेलं किंवा तपकिरी द्रव गळलेला दिसला तर आधी ते बदलून घ्या, नंतर बाकीचं. बायोसची सेल सीआर२०३२ असते. ती न विचारता बदलून टाका, नाहीतर प्रत्येक वेळी तारीख आणि डिस्कची सेटिंग पुसली जाईल आणि दोष तुम्ही कार्डात शोधत बसाल.

अडॅप्टर प्रायमरी आयडीईच्या रिबन केबलच्या टोकाला लावा, जम्पर (पिना जोडणारी छोटी टोपी) मास्टरवर, म्हणजे केबलवरची मुख्य डिस्क म्हणून. त्या केबलवर दुसरं काही नको. सीडी ड्राइव्ह असेल तर तो सेकंडरीवर मास्टर करून लावा. एकाच केबलवर दोन सीएफ कार्डं एकमेकांशी नीट वागतीलच असं नाही. केबलची लाल कड पिन १कडे. अडॅप्टरला वीज बहुतेक वेळा फ्लॉपीच्या छोट्या चार पिनांच्या प्लगमधून लागते. काही अडॅप्टरवर ३.३ आणि ५ व्होल्टचा जम्पर असतो. सीएफ कार्ड दोन्हीवर चालतं, त्यामुळे तो आला तसा राहू द्या.

कॅबिनेटच्या मागच्या पट्टीवर बसणारे अडॅप्टर मिळतात. थोडे महाग, पण मी तेच घ्यायला सांगेन. कार्ड मागून काढता-घालता येतं आणि फाइली ने-आण करायचा प्रश्न कायमचा सुटतो. मात्र कार्ड काढायचं-घालायचं ते मशीन पूर्ण बंद करूनच. आयडीईला चालू मशीनवर अशी उपटाउपटी मुळीच खपत नाही.

डिलीट दाबून बायोसमध्ये जा. प्रायमरी मास्टर ‘ऑटो’वर आणि मोड ‘एलबीए’. कार्डाचं नाव आणि आकार तिथे दिसलाच पाहिजे. दिसत नसेल तर केबल उलटी आहे, वीज नाही किंवा जम्पर चुकलाय. चौथं कारण क्वचितच निघतं. अवॉर्ड बायोसमध्ये ‘व्हायरस वॉर्निंग’ नावाची एक सेटिंग असते, ती बंद करा. बूट सेक्टरवर कोणी लिहायला गेलं की ती अडवते, आणि आपल्याला नेमकं तेच करायचं आहे.

पार्टिशन जुन्याच मशीनवर करा

या सगळ्या कामात लोक अडकतात ते इथे. कार्ड रीडरमध्ये घालून नव्या लॅपटॉपवर फॉरमॅट करणं किती सोपं! पण तसं केलेलं कार्ड जुन्या मशीनवर बहुधा बूट होत नाही. कारण जुना बायोस डिस्ककडे हेड, सिलिंडर, सेक्टर अशा हिशेबाने बघतो आणि यूएसबी रीडरचा हिशेब वेगळाच असतो. फॉरमॅट करताना त्या वेळचा हिशेब बूट सेक्टरमध्ये लिहिला जातो. दोन्ही जुळले नाहीत की पडद्यावर नुसता लुकलुकणारा कर्सर. म्हणून नियम असा की ज्या मशीनवर कार्ड बूट होणार, पार्टिशन आणि फॉरमॅट त्याच मशीनवर करायचं. फाइली नंतर कुठूनही भरा.

आता बूट फ्लॉपी घाला. मेन्यूत ‘सीडी-रॉमशिवाय सुरू करा’ हा पर्याय निवडा. (खालच्या सगळ्या कमांड अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या आहेत.)

आधी ‘एफडिस्क’ हा पार्टिशन आखणारा प्रोग्राम चालवा. मोठ्या डिस्कचा आधार हवा का, असा लांबलचक प्रश्न येईल. ‘वाय’ म्हणा, म्हणजे फॅट३२ (मोठ्या डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) मिळेल. कॅमेऱ्याने केलेलं जुनं पार्टिशन असेल तर पर्याय ३ने काढून टाका. ते निघायलाच तयार नसेल तर कार्ड नव्या संगणकाला लावून विंडोजच्या ‘डिस्कपार्ट’मधल्या ‘क्लीन’ने पूर्ण कोरं करा. तिथे डिस्कचा क्रमांक निवडताना डोळे उघडे ठेवा, नाहीतर लॅपटॉपचीच डिस्क कोरी व्हायची.

मग पर्याय १ने प्रायमरी पार्टिशन. पूर्ण जागा वापरू का, या प्रश्नाला ‘नाही’ म्हणा आणि ९५ टक्के असं लिहा. एफडिस्क टक्क्यांतला आकार स्वीकारतं. ही पाच टक्के जागा का सोडायची ते शेवटी कळेल. पूर्ण जागा दिली असती तर एफडिस्कने पार्टिशन आपोआप ‘ॲक्टिव्ह’ (बूट करण्यासाठी निवडलेलं) केलं असतं. आता तुम्ही जागा राखून ठेवली, तेव्हा पर्याय २ने ते हाताने ॲक्टिव्ह करावं लागेल. हे विसरलात तर पुढचं सगळं बरोबर असूनही मशीन बूट होणार नाही.

बाहेर पडा, मशीन रीस्टार्ट करा, पुन्हा फ्लॉपीवरून या. हा रीस्टार्ट वगळायचा नाही, कारण डॉसला नवं पार्टिशन त्याशिवाय दिसत नाही. मग दोन कमांड. पहिली ‘फॉरमॅट सी: /एस’. ही कार्ड फॉरमॅट करून सिस्टिम फाइली त्यावर टाकते. दुसरी ‘एफडिस्क /एमबीआर’. कॅमेऱ्यातून आलेल्या कार्डाच्या पहिल्या सेक्टरमध्ये पार्टिशनचा तक्ता असतो, पण बूट करवून देणारा कोड नसतो. कॅमेऱ्याला त्याची गरजच काय? ही दुसरी कमांड तो कोड लिहिते.

फ्लॉपी काढून मशीन सुरू करा. सी प्रॉम्प्ट दिसला म्हणजे अर्धी लढाई जिंकलात.

फाइली भरणं आणि सेटअप

सीडी ड्राइव्ह नसला तरी का चालतं ते इथे. मशीन बंद करा, कार्ड काढून नव्या संगणकाच्या रीडरमध्ये घाला. फॉरमॅटबद्दल विचारलं तर नाही म्हणा. विंडोज ९८च्या सीडीतला ‘विन९८’ हा फोल्डर अख्खा कार्डाच्या मुळाशी कॉपी करा. दोनशे एमबीच्या आसपास असतो. त्याच फेरीत ग्राफिक्स, साउंड, नेटवर्क कार्डाचे ड्रायव्हर, श्रीलिपी, पेजमेकर यांचे इन्स्टॉलर, जे लागणार असेल ते सगळं एका फोल्डरमध्ये भरून घ्या. विंडोज ९८मध्ये पेन ड्राइव्हसाठीचा सर्वसाधारण ड्रायव्हर नाही, त्यामुळे नंतर पेन ड्राइव्ह लावून काम होईल या भरवशावर राहू नका.

विन९८ फोल्डर कार्डावर कायम राहू द्या. नंतर कुठलाही ड्रायव्हर टाकताना विंडोज ‘सीडी घाला’ म्हणून हटून बसतं. तेव्हा या फोल्डरकडे बोट दाखवलं की प्रश्न मिटतो.

कार्ड परत मशीनमध्ये. पुन्हा फ्लॉपीवरून बूट करा, कारण तिच्यावरून हायमेम (डॉसला जास्तीची मेमरी वापरू देणारा ड्रायव्हर) चढतं आणि मग ‘स्मार्टड्राइव्ह’ (डिस्कवरचा डेटा रॅममध्ये धरून वेग वाढवणारा प्रोग्राम) चालवता येतं. ते विन९८ फोल्डरमध्येच मिळेल. सेटअपआधी एकदा चालवा. ते नसताना डॉसमधली कॉपी गोगलगाईच्या वेगाने होते. मग त्याच फोल्डरमधून ‘सेटअप /आयएस’. हा स्विच स्कॅनडिस्कची तपासणी वगळतो. नुकतंच फॉरमॅट केलेलं कार्ड परत तपासण्यात अर्थ नाही. बोर्ड १९९८-९९चा असेल आणि एसीपीआय (वीज वाचवणं, मशीन बंद करणं सांभाळणारी व्यवस्था) अर्धवट असेल, तर ‘/पी आय’ जोडल्यास एसीपीआय बंद ठेवून इन्स्टॉल होतं. अशा बोर्डवर बंद करताना मशीन अडकण्याचे प्रकार त्याने कमी होतात.

‘एसयू००१३’ असा त्रुटी क्रमांक आला तर सेटअपला सी ड्राइव्हवर फाइली लिहिता येत नाहीयेत. पार्टिशन ॲक्टिव्ह आहे का आणि बायोसमधली व्हायरस वॉर्निंग खरंच बंद आहे का, ते बघा.

पुढचं सगळं ‘नेक्स्ट’चं काम. स्टार्टअप डिस्क बनवायला सांगेल तेव्हा कॅन्सल. पहिल्या रीस्टार्टच्या आत फ्लॉपी काढून घ्या. मशीन दोन-तीनदा रीस्टार्ट होतं, घाबरू नका.

इन्स्टॉल झाल्यावर

सर्वांत आधी डीएमए, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता डिस्क आणि रॅमने थेट देवाणघेवाण करण्याची पद्धत. ‘माय कॉम्प्युटर’वर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, डिव्हाइस मॅनेजर, डिस्क ड्राइव्हज. तिथे ‘जेनेरिक आयडीई डिस्क’ अशा नावाने तुमचं कार्ड दिसेल. सेटिंग्जमधला डीएमएचा चौकोन सुरुवातीला रिकामा ठेवा. स्वस्तातल्या अनेक अडॅप्टरवर डीएमएच्या दोन तारा जोडलेल्याच नसतात. कार्ड म्हणतं मला डीएमए येतं, विंडोज विश्वास ठेवतं, आणि बूट होताना सगळं गोठतं. डीएमएशिवाय पीआयओ ४ या (प्रोसेसरमार्फत चालणाऱ्या) मोडचा कमाल वेग सेकंदाला १६.६ एमबी. पेजमेकरला तेवढा पुरतो, पण प्रोसेसरचा बराच वेळ त्यात जातो. बाकी सगळं मार्गी लागल्यावर टिक करून पाहा. गोठलं तर एफ८ दाबून सेफ मोडमध्ये जा आणि टिक काढा. चांगलं अडॅप्टर आणि यूडीएमएवालं (डीएमएच्या जास्त वेगवान प्रकाराचं) कार्ड असेल तर फरक लगेच जाणवतो. यूडीएमए ३३च्या पुढे जायचं तर ८० तारांची केबल लागते.

दुसरं म्हणजे स्वॅप फाइल, रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर वापरतं ती. फ्लॅश मेमरीला लिहिण्याची मर्यादा असते. शिवाय सीएफ कार्ड छोट्या छोट्या तुकड्यांत लिहायला फार मंद असतं. पीसी मध्येच सेकंदभर अडखळतो तो त्यामुळेच. सिस्टिम डॉट आयएनआयमधल्या ‘३८६एन्ह’ विभागात ‘कन्झर्व्हेटिव्ह स्वॅपफाइल यूसेज’ (मध्ये जागा न सोडता) असं लिहून त्यापुढे बरोबर १ करा. मग रॅम खरंच संपल्याशिवाय विंडोज स्वॅपला हात लावत नाही. व्हर्च्युअल मेमरी पूर्ण बंद करण्याचा सल्ला कुठे कुठे दिसतो. मला तो पटत नाही. फोटोशॉपसारखे प्रोग्राम तशाने कुरकुरतात. डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) मात्र विसरून जा. फ्लॅशवर त्याचा उपयोग नाही, झीज तेवढी होते.

या मशीनला इंटरनेट लावू नका. मायक्रोसॉफ्टने विंडोज ९८चा आधार ११ जुलै २००६ रोजी संपवला, आणि त्याचा ब्राउझर आजच्या बहुतेक साइट उघडतही नाही.

मराठी फाइली बाहेर काढताना

डोंगल ओळखलं जात नसेल तर आधी बायोसमध्ये पॅरलल पोर्टचा मोड बदलून बघा. एसपीपी, ईपीपी, ईसीपी यांपैकी एखाद्यावर ते जागं होतं. पेजमेकरची फाइल उघडण्याआधी त्यात वापरलेले सगळे फॉन्ट बसवलेले हवेत. एखादा नसेल तर पेजमेकर पर्यायी फॉन्ट सुचवतं. तो स्वीकारलात की ओळी सरकतात, पानं बिघडतात. रद्द करा आणि फॉन्ट शोधा.

छापील रूप जसंच्या तसं हवं असेल तर एक पोस्टस्क्रिप्ट (छपाईच्या पानाचं वर्णन करणारी भाषा) प्रिंटर ड्रायव्हर बसवा (प्रत्यक्ष प्रिंटर लागत नाही), पोर्ट ‘फाइल’ ठेवा, फॉन्ट फाइलीत समाविष्ट करण्याचा पर्याय चालू ठेवा आणि प्रिंट द्या. निघालेली फाइल कार्डावरून नव्या संगणकावर नेऊन घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रामने पीडीएफ करा. मजकूर पुन्हा संपादित करायचा असेल तर तो टेक्स्ट म्हणून बाहेर काढून फॉन्ट कनव्हर्टरने युनिकोड करावा लागेल. ते रूपांतर नव्या संगणकावरच करा. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडचा व्यवस्थित आधार विंडोज २०००पासून आला. ९८वर युनिकोड मराठी उघडून तपासायला गेलात तर हाती काही लागणार नाही. जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी कनव्हर्टरमध्ये हमखास गडबडतात, तेव्हा मूळ पीडीएफ शेजारी ठेवूनच मुद्रितशोधन करा.

कार्डाची प्रतिमा

सगळं जमलं, डोंगल चाललं, फॉन्ट बसले, की कार्ड बाहेर काढा आणि नव्या संगणकावर विन३२ डिस्क इमेजरने किंवा लिनक्समधल्या डीडीने त्याची पूर्ण प्रतिमा, म्हणजे बूट सेक्टरसकट हुबेहूब प्रत घ्या. फक्त फाइली कॉपी करून भागत नाही, कारण बूट सेक्टर त्यात येत नाही. ४ जीबीच्या कार्डाची प्रतिमाही ४ जीबीच होते. झिप केली की बरीच लहान होते.

सोडलेली पाच टक्के जागा इथे उपयोगी पडते. ४ जीबी लिहिलेली दोन कंपन्यांची कार्डं सेक्टरच्या मोजणीत क्वचितच सारखी निघतात. प्रतिमा थोड्या लहान कार्डावर उतरवावी लागली तर कापला जातो तो शेवटचा रिकामा भाग, तुमचं पार्टिशन अखंड राहतं. इमेजरने आकारावरून तक्रार करून लिहायला नकार दिला, तर डीडी वापरा. ते जागा संपल्याचं सांगून थांबतं, पण तोवर लागणारं सगळं लिहून झालेलं असतं.

ही दुसरी प्रत कपाटात टाकण्याआधी त्याच मशीनमध्ये लावून एकदा बूट करून बघा, आणि डोंगलसकट एखादी पेजमेकरची फाइल तिच्यावर उघडून बघा.